हॉर्मोनचं नियंत्रण

हॉर्मोन म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेली रसायनं, मराठीत संप्रेरकं. ती रक्तात किती असावीत आणि कुठल्या अवयवावर किती चालावीत हे शरीर सतत सांभाळत असतं. हॉर्मोन हा शब्द इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला, त्याआधी १९०२ मध्ये त्यांनी आणि बेलिस यांनी सिक्रेटिन हे आतड्यातलं हॉर्मोन शोधलं होतं.

यातली मुख्य गोष्ट म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे हॉर्मोन पुरेसं झालं की त्यानेच स्वतःचं उत्पादन थांबवायचं. थायरॉईडचंच बघा, मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो, ते मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीला पोचतं, ती टीएसएच हे हॉर्मोन सोडते आणि मग गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी४ आणि थोडं टी३ ही आपली हॉर्मोनं बनवते, आणि हे पुरेसं झालं की तेच वर जाऊन दोघांना बास म्हणतं. म्हणून टीएसएच जास्त आलं की थायरॉईड जास्त झालं असं समजू नका, बहुतेक वेळा उलटंच असतं, ग्रंथी कमी पडतेय म्हणून पिट्यूटरी जोर लावतेय. रिपोर्ट वाचताना हमखास होणारा गोंधळ हाच! रक्तातलं टी४ अर्धं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे गोळीचा डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी परत टेस्ट करतात, आठवड्याभरात करून काही कळत नाही.

इन्सुलिनचा कारभार वेगळा, तिथे मेंदूची वाट बघायची गरज नाही, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी रक्तातली साखर स्वतःच ओळखतात आणि सोडलेलं इन्सुलिन काही मिनिटांत संपतं. पॉझिटिव्ह फीडबॅक, म्हणजे परिणामानेच हॉर्मोन आणखी वाढणं, क्वचित, बाळंतपणात कळा वाढतात तसं कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे हॉर्मोनही वाढत जातं, बाळ बाहेर येईपर्यंत.

पण नुसत्या लेव्हलवर सगळं ठरत नाही. थायरॉईड हॉर्मोनचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या प्रोटीनला चिकटलेला असतो, काम करतो तो उरलेला मोकळा भाग, फ्री टी४ची टेस्ट त्याचीच. शिवाय पेशीवर किंवा पेशीत हॉर्मोन पकडणारा रिसेप्टर लागतो, आणि हॉर्मोनचा मारा सतत चालू राहिला की पेशी रिसेप्टर कमी करते. किडनीत तर एक एन्झाइम कॉर्टिसॉल या ताणाच्या हॉर्मोनला तिथल्या तिथे निष्क्रिय करतं, नाहीतर कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या मीठ-पाणी सांभाळणाऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरवर बसून बीपी वाढवेल.

स्टेरॉईडच्या, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या, गोळ्या बरेच आठवडे घेतल्या की पिट्यूटरीला वाटतं कॉर्टिसॉल भरपूर आहे, ती एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हॉर्मोन) सोडणं कमी करते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी (किडनीवर बसलेली, कॉर्टिसॉल बनवणारी) सुस्तावते. अशात गोळी एकदम बंद केली तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं. म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच उतरवायचा, ग्रंथी पूर्ववत व्हायला कधीकधी कित्येक महिने जातात.