कबुली की तडजोड? दुकानातल्या चोरीचा पहिला खटला

दुकानातून वस्तू उचलल्याचा आयुष्यातला पहिलाच खटला असतो, तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात दोन सल्ले हमखास कानावर पडतात. एक जण म्हणतो, "गुन्हा कबूल करून टाका, दंड भरा, आजच्या आज मोकळे व्हाल." दुसरा सांगतो, "दुकानदाराशी तडजोड करा, केस मिटेल." घाबरलेल्या माणसाला दोन्ही सल्ले सारखेच वाटतात. दोन्हीत साक्षीपुरावे होत नाहीत, तारखांचे हेलपाटे थांबतात आणि फाईल बंद होते.

फरक पडतो तो निकालाच्या कागदावर. कबुलीनंतर त्यावर तुम्ही दोषी असल्याचं लिहिलेलं असतं. तडजोडीनंतर कायद्याने तुमची निर्दोष मुक्तता झालेली असते. तडजोडीचा रस्ता उघडा असताना केवळ घाईपोटी "कबूल आहे" म्हणणारी माणसं, त्यातही विशी-बाविशीतली मुलं, पुढची अनेक वर्षं त्या दोन शब्दांची किंमत मोजतात. म्हणून हे दोन रस्ते नीट वेगळे करून पाहायला हवेत.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. तुमच्यावर नेमकं कोणतं कलम लावलंय? १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी कलम ३०३(२) मध्ये येते. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. दुकान किंवा गोदाम अशी इमारत आहे, असं म्हणून हे कलम लावलं जाऊ शकतं. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच जोडी ३७९ आणि ३८० अशी होती. त्या तारखेआधीच्या घटना अजूनही त्याच कलमांखाली चालतात. कलम ३०३(२) तडजोडपात्र, म्हणजे मालकाशी तडजोड करून मिटवता येणारं आहे, ३०५ नाही. एफआयआरमधला हा एक आकडा तुमच्यापुढे रस्ते किती आहेत ते ठरवतो, आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत.

आता कबुली. चोरीच्या मालाची किंमत वीस हजार रुपयांपेक्षा जास्त नसेल, तर खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ प्रमाणे खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो. दुकानातल्या चोरीची बहुतेक प्रकरणं या मर्यादेत बसतात. त्यात गोष्टी फार भराभर होतात. पुकारा होतो, तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहता, न्यायदंडाधिकारी आरोपाचा सारांश सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" विचार करायला तिथे मिनिटभरही मिळत नाही. "हो" म्हटलंत की ते उत्तर शक्यतो तुमच्याच शब्दांत नोंदवलं जातं आणि त्यावरून दोषी ठरवण्याचा अधिकार कोर्टाला मिळतो. संक्षिप्त खटल्यात तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही. पहिल्या वेळी अनेकदा दंडावर भागतं हेही खरं, आणि म्हणूनच हा रस्ता मोहाचा वाटतो. पण दंडाची पावती ही शिक्षा भोगल्याची पावती असते. शिवाय कबुलीवरून दोषी ठरलेल्या माणसाला अपील करायचं, तर ते शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच करता येतं. "मी चोरी केलीच नव्हती" असं अपिलात म्हणण्याची सोय उरत नाही.

लोक असं का करतात, हे समजण्यासारखं आहे. दर तारखेला रजा काढावी लागते, घरी खोटं सांगावं लागतं, ओळखीचं कुणी दिसेल या भीतीने मान खाली घालून बसावं लागतं. खटला प्रलंबित असेपर्यंत पासपोर्टचं कामही अडू शकतं, कारण त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. या सगळ्यातून एका शब्दात सुटका होणार असेल, तर माणूस तो शब्द उच्चारतो. पण थोडी मुदत मागून, मालक राजी झाला तर तडजोड करूनही त्या सगळ्यातून सुटता आलं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तडजोड हा गुन्हा ज्याच्याविरुद्ध घडला त्याचा अधिकार आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये कोणता गुन्हा कोण मिटवू शकतो याचा तक्ता दिलाय. साध्या चोरीच्या बाबतीत तिथे चोरीला गेलेल्या मालाच्या मालकाचं नाव येतं. यासाठी कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही. दोन्ही बाजूंनी सही केलेली पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल होते, मालकाला विचारून ती खुषीने दिल्याची खात्री केली जाते आणि त्यावर आदेश होतो. याच कलमातलं आठवं पोटकलम फार महत्त्वाचं आहे. या कलमाखाली मिटवलेल्या गुन्ह्याचा परिणाम आरोपीची निर्दोष मुक्तता झाल्यासारखाच असतो, असं ते स्पष्ट सांगतं. तडजोड करताना तुम्ही गुन्हा कबूल करत नसता आणि कोर्टही तुम्ही चोरी केली असा निष्कर्ष काढत नाही.

प्रत्यक्षात अडचण येते ती "मालक" या शब्दावर. तुम्हाला पकडणारा सुरक्षारक्षक मालक नसतो. फिर्याद देणारा मॅनेजरही नसतो. दुकान एखाद्या कंपनीचं असेल, तर तडजोडीच्या पुरसिशीवर सही करणाऱ्याकडे कंपनीचं अधिकारपत्र हवं. ते नसेल तर मॅनेजर कितीही भला असला तरी कोर्ट त्याच्या सहीवर गुन्हा मिटवणार नाही. हे पत्र वरच्या कार्यालयातून मिळवायला वेळ लागतो, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी धावाधाव करून काही साधत नाही. वकिलामार्फत लेखी विनंती करा, वस्तू परत केली असेल किंवा पैसे चुकते केले असतील तर त्याची पावती जोडा आणि पहिल्या तारखेला कोर्टाकडे तडजोडीसाठी मुदत मागा. स्वतः दुकानात जाऊन फिर्यादीला गाठू नका. तुमचा हेतू शंभर टक्के साफ असला तरी साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप होऊ शकतो, आणि जामिनाच्या अटींत साक्षीदाराशी संपर्क करू नये असं असेल तर जामीनच धोक्यात येतो. मालक तयार असेल तर लोकअदालतीतही प्रकरण ठेवता येतं. मात्र लोकअदालतीपुढे फक्त तडजोडपात्र गुन्हेच जातात.

मालक मानायलाच तयार नसेल तर? चोरी करणाऱ्यांशी तडजोड करायची नाही, असं एखाद्या दुकानाचं धोरणच असू शकतं. तो त्यांचा हक्क आहे आणि कोर्ट त्यांच्यावर सक्ती करू शकत नाही. कलम ३०५ लागलं असेल तर मालक राजी असूनही खालचं कोर्ट गुन्हा मिटवू शकत नाही. तिथे दोन वाटा उरतात. हे कलम मुळात या घटनेला लागतं का, यावर वकील युक्तिवाद करू शकतो. दुसरी वाट म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालयात खटला रद्द करण्याचा अर्ज. तडजोडपात्र नसलेले, पण मुख्यतः खासगी स्वरूपाचे खटले उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात रद्द करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सांगितलंय. या वाटेला खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

आता या दोन रस्त्यांमधला धागा. कलम ३५९ चं सातवं पोटकलम क्वचितच कुणी समजावून सांगतं. आधीच्या दोषसिद्धीमुळे आरोपीला त्याच गुन्ह्यासाठी वाढीव शिक्षा होऊ शकत असेल, तर तो गुन्हा मिटवता येत नाही. चोरीच्या बाबतीत हे थेट लागू पडतं, कारण कलम ३०३(२) मध्ये दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आहे. आज पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी कबुली देऊन दंड भरला आणि पुढे कधी, अगदी गैरसमजातून का होईना, पुन्हा चोरीचा आरोप आला, तर मालक मोठ्या मनाने मिटवायला तयार असूनही कायदा मिटवू देणार नाही. पहिल्या खटल्यात तडजोड झाली असेल तर दोषसिद्धीच नसते, त्यामुळे हे दार बंद होत नाही. पहिल्या वेळी कबुलीची घाई करू नका असं मी इतक्या कळकळीने म्हणतोय, ते मुख्यतः या पोटकलमामुळे.

नव्या कायद्यातल्या समाजसेवेच्या शिक्षेबद्दल बराच गोंधळ दिसतो. माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर कलम ३०३(२) प्रमाणे त्याला समाजसेवेची शिक्षा होते. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठेवलाय. म्हणजे वॉरंटशिवाय अटक नाही आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. ही तरतूद माणुसकीची आहे, मला ती मनापासून आवडते. पण तीत "दोषी ठरल्यास" हे शब्द आहेत. समाजसेवा ही शिक्षाच आहे आणि तिच्याआधी दोषसिद्धी येते. "आता समाजसेवाच तर करायची आहे, कबूल करून टाकू" असं म्हणणारा माणूस कबुलीच्याच रस्त्यावर आहे. पाच हजारांच्या आतल्या प्रकरणातही आधी तडजोडीचं विचारावं.

प्ली बार्गेनिंगही याच बाजूला येतं. नावावरून ते तडजोडीसारखं वाटतं आणि त्यात फिर्यादीशी बोलणीही होतात. पण त्याचा शेवट दोषसिद्धीतच होतो, फक्त शिक्षा ठरवून कमी केलेली असते. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याची शिक्षा कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशावर आणता येते. पुरावा भक्कम आहे, मालक ऐकत नाही आणि कलमही जड आहे, अशा वेळी हा मार्ग शहाणपणाचा ठरू शकतो. तशीच प्रोबेशनची सोय आहे. १९५८ च्या कायद्याखाली पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसाला कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. दोषसिद्धी तिथेही राहते, पण तिच्यामुळे एरवी लागू होणारी अपात्रता त्या कायद्याच्या कलम १२ मुळे लागत नाही. तडजोड अशक्यच असेल आणि कबुली द्यावीच लागणार असेल, तर ती नुसती देऊ नका. प्रोबेशनचा अर्ज सोबत द्या. कोर्ट स्वतःहून विचारेल या भरवशावर राहू नका.

दुकानात सही केलेला माफीनामा या दोन्हींपैकी काहीच नाही. मागच्या खोलीत बसवून "लिहून दे, सोडतो" म्हणत घेतलेल्या कागदाने गुन्हा मिटत नाही. एफआयआर झाला तर तो मागे घ्यायला माफीनामा पुरत नाही. दुकानाला दंड ठोठावण्याचा अधिकारही नसतो, "दहापट भरा" अशी पाटी भिंतीवर लावली असली तरी. पोलिसांपुढे दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध शाबीत करता येत नाही. पण दुकानातल्या माणसाला लिहून दिलेला कागद पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. धमकी किंवा आमिष दाखवून तो घेतला असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ खाली त्याला हरकत घेता येते. असा कागद लिहून दिला असेल तर पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर वरचं बहुतेक काही लागू नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

आणि चोरी केलीच नसेल तर? ट्रॉलीत खाली राहिलेली वस्तू, फोनवर बोलता बोलता हातात राहिलेलं पाकीट, लहान मुलाने खिशात टाकलेलं काहीतरी. चोरी शाबीत व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो, विसरभोळेपणा पुरत नाही. अशा माणसाने कबुली तर अजिबात देऊ नये. लढायचं असेल तर सीसीटीव्हीचं चित्रीकरण लवकरात लवकर मागावं, कारण ते कायम जपून ठेवलेलं नसतं. तडजोड केली तरी त्यात काही कमीपणा नाही.

तडजोडीचा आदेश झाला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करून त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या. नोकरीच्या फॉर्मवर "कधी दोषी ठरला आहात का" असं विचारलं असेल, तर उत्तर "नाही" आहे. पण "कधी गुन्हा नोंद झाला होता का, अटक झाली होती का" असं विचारलं असेल तर "हो" लिहा आणि ती प्रत जोडा. पडताळणीत जुना एफआयआर सापडतोच, आणि मग लपवल्याच्या कारणावरून हातातली नोकरी जाऊ शकते, खटल्याचा निकाल तुमच्या बाजूने लागलेला असला तरी.