समोरचा माणूस की समोरचे पान: पोकर आणि ब्लॅकजॅकमागचा विचार

बीड-जालन्याकडच्या शिवारात रंगणारा तिर्रट, म्हणजे तीन पत्ती, ज्याने पाहिला आहे, त्याला पोकरचा गाभा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हाती दुर्री, सत्ती, नव्वी अशी फुटकळ पाने असताना एक जण मख्ख चेहऱ्याने चाल वाढवतो आणि त्या धाकाने राजांची जोडी असलेला पाने टाकून पॅक होतो. हे नात्यातलेच साम्य आहे, कारण तीन पत्त्यांचा हा खेळ इंग्लंडमधल्या ब्रॅगवरून आला आणि पोकरवरही ब्रॅगची छाप मानली जाते.

एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरच्या बोटींतून पसरलेल्या पोकरला गणित भेटले ते पुढे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली खेळांचा सिद्धांत मांडला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात हूल देणे हा स्वभावदोष नसून हिशेबाचा भाग असल्याचे दाखवले. बोर्डावर १०० रुपये असताना शेवटची ५० ची चाल केली, तर प्रतिस्पर्धी १५० मिळवण्यासाठी ५० घालतो; म्हणून अशा चार चालींपैकी एक हूल असेल, तर त्याने पाने पाहिली काय आणि टाकली काय, त्याला फरक पडत नाही.

ब्लॅकजॅकमध्ये मात्र वाचायला समोर मनच नसते. इथे पानांची बेरीज एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ न्यायची; एकवीस ओलांडले की डाव फुटला. पत्ते वाटणारा सतरा झाले की थांबतो, त्याआधी पान घेतो. त्याला मर्जी नाही. त्यामुळे इथला प्रश्न निव्वळ संभाव्यतेचा राहतो. अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून १९५६ मध्ये त्याचे पहिले शास्त्रशुद्ध उत्तर प्रसिद्ध केले. आपली बेरीज सोळा आणि वाटणाऱ्यासमोर दश्शी असेल, तर नवे पान घेताच फुटण्याची शक्यता १३ पैकी ८ असते. तरीही थांबण्यात तोटा किंचित जास्तच. पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये गेलेली पाने लक्षात ठेवून डाव आपल्या बाजूला झुकवता येतो हे दाखवले, तेव्हा कॅसिनोंनी पत्त्यांच्या एका जोडाऐवजी अनेक जोड वापरायला सुरुवात केली.

कौशल्य की नशीब, हा विचार आपल्याकडे कोर्टातून आला. एके काळी मराठवाड्यालाही लागू असलेल्या निजामकालीन हैदराबाद जुगार कायद्याखालच्या सिकंदराबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पत्त्यांना निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवले. हूल देणाऱ्या तिर्रटवाल्याला ते पटणे अवघडच. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैशांच्या खेळांत हा भेदच ठेवलेला नाही.