खोक्यातलं पितळ हातात घेण्यापूर्वी

नमस्कार. तुमच्या स्टीमपंक वस्तू बनवायच्या संचात पितळी चक्रं, आस, तांब्याची नळी, लाकडी फळी आणि एक दिवा आहे. जोडणीची आकृती वेगळ्या कागदावर दिली आहे. आकृतीत न मावणाऱ्या गोष्टी इथे सांगतो.

'स्टीमपंक' हे नाव १९८७ सालचं, पण वस्तू दिसायला हवी वाफेच्या इंजिनांच्या काळातली. आमचा एकच आग्रह आहे: चक्र दिसलं की ते फिरलं पाहिजे. वर नुसती चक्रं चिकटवलेली डबी लांबून झकास दिसते, हातात घेतली की तिचं बिंग फुटतं.

चक्रं

दोन चक्रांचे दात जुळायला दोघांचं मॉड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचं माप, एकच लागतं. संचातली सगळी चक्रं १ मॉड्यूलची आहेत. म्हणजे २० दातांच्या चक्राचा हिशेबाचा व्यास २० मिमी, ४० दातांच्याचा ४० मिमी. (बाहेरून मोजलं तर दोन्ही २ मिमी जास्त भरतात, चूक झाली असं समजू नका.) दोघांच्या आसांमधलं अंतर निम्म्या बेरजेइतकं, ३० मिमी. ते केसभर जास्त झालं तर चालेल, कमी झालं तर चक्रं जाम होतील. भोक पाडण्याआधी सेंटर पंचने (टोकदार ठोकणीने) खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं.

तीन चक्रं त्रिकोणात एकमेकांना भिडवू नका. शेजारचं चक्र नेहमी उलट फिरतं, त्यामुळे तिसऱ्याला एकाच वेळी दोन्हीकडे फिरावं लागतं आणि सगळंच अडून बसतं.

जुना रंग

सर्वाधिक प्रश्न याबद्दलच येतात. नवं पितळ फार चकचकीत असतं आणि त्यावर बहुतेक वेळा लॅकरचा (पारदर्शक रोगणाचा) पातळ थर असतो. तो असेपर्यंत कोणताही उपाय लागू पडत नाही. आमच्या सुरुवातीच्या संचांत आम्ही हे लिहायलाच विसरलो होतो आणि ग्राहकांनी आमचं पितळ खोटं ठरवलं! खिडकी उघडी ठेवून, आग दूर ठेवून, ॲसिटोनने थर पुसा. एरवी कुणाचं पितळ उघडं पडू नये. इथे पडलंच पाहिजे.

मग झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात तळाशी वाटीभर अमोनिया ठेवा आणि सुटे भाग त्याला न लागतील असे वर टांगा. वाफेने काही तासांत पितळ तपकिरी होतं. आधी मिठाचं पाणी शिंपडलं तर कळकल्यासारखी हिरवी-निळी झाकही येते. हे काम घराबाहेरच करा आणि जवळपास ब्लीच असता कामा नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो.

वाकवलेली पट्टी किंवा स्प्रिंग मात्र त्या डब्यात टाकू नका. ताणाखालच्या पितळाला अमोनियाने तडे जातात. ब्रिटिश लष्कराची काडतुसं भारतात पावसाळ्यात अशीच तडकत. त्यामागे अमोनिया आणि धातूतला ताण असल्याचं १९२१ साली उलगडलं.

नळी आणि डाख

तांब्याची नळी वाकवण्याआधी ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ पडतं. वाकवताना आत कोरडी वाळू भरून तोंडं बंद केली तर नळी चेपत नाही. आधी तापवा, वाळू नंतर.

डाख (सोल्डर) देताना डाखाची तार सोल्डरिंग आयर्नला लावू नका, तापलेल्या सांध्याला लावा. सांधा पुरेसा तापला असेल तर डाख आपोआप आत ओढला जातो. शेवटी फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावलेलं रसायन) धुऊन टाका, नाहीतर महिन्याभरात तिथेच हिरवं धरेल. पितळावर किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या नळीवर मोठी ज्योत धरू नका. जस्ताच्या धुराने ताप येतो.

दिवा

जुन्या बल्बसारखा दिसणारा हा दिवा खरं तर ३ व्होल्टचा एलईडी आहे. ५ व्होल्टच्या चार्जरवर लावताना सोबतचा २२० ओहमचा रोध (रेझिस्टर) मध्ये हवाच. पुढे निक्सी नळीचं (काचेच्या नळीत उजळणाऱ्या आकड्यांचं) घड्याळ करायचा विचार असेल तर ती साधारण १७० व्होल्टवर चालते, हे लक्षात असू द्या.

आणि स्टीमपंकवाले घालतात तो पितळी काठांचा चष्मा शोभेचा आहे. ड्रिल चालवताना साधा सुरक्षा चष्मा घाला. तो संचात नाही, वेगळा घ्यावा लागेल.