दुसऱ्याची सोडवताना आपली सुटते का?

दारू सोडताना सगळ्यात कठीण काळ कोणता, असं विचारलं की लोक पहिले तीन-चार दिवस सांगतात. थरथर, दरदरून घाम, झोप उडणं, भास. जिवाला धोका तेव्हाच जास्त असतो, हे खरं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत. पण आठवडाभरात शरीर बरंचसं सावरतं. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून पहिली पाळी सुटते, माणूस दुपारी घरी येतो आणि अंधार पडेपर्यंत करायचं काय, हा प्रश्न मात्र पुढे महिनोन् महिने रोज समोर उभा राहतो. इतकी वर्षं त्या वेळेला एक ठरलेलं उत्तर होतं: ‘बसायचं का?’

‘सोडली, पण कशातच मन लागत नाही’ ही तक्रार व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यामागे मेंदूतलं कारण आहे. वर्षानुवर्षं नशा करणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिन या आनंदाशी निगडित रसायनाचे संकेत टिपणारे ‘डी-टू’ ग्राहक (रिसेप्टर) कमी झालेले दिसतात. जेवण, गप्पा, मुलाचा निकाल अशा साध्या गोष्टींतून मिळणारा आनंद फिका पडतो आणि ही यंत्रणा सावरायला काही महिने जातात, कधी वर्षही. त्यात ओळखीच्या खुणा छळतात: तोच चौक, तीच वेळ, पगाराचा दिवस. शिवाय व्यसनी माणसाला लांबचा फायदा फार लहान दिसतो, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत वारंवार आढळलं आहे. ‘पाच वर्षांनी तुझं यकृत चांगलं राहील’ हे वाक्य संध्याकाळी सात वाजता कुणालाच थांबवत नाही. सात वाजता सात वाजताचंच काहीतरी लागतं.

मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाच्या माणसावर हीच वेळ आली होती. धंद्याच्या कामासाठी आलेला, काम फसलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीतून बार दिसतोय. त्याने चर्चच्या लोकांना फोन लावले आणि विचित्र मागणी केली: मला बोलायला एखादा दारुडा हवाय. त्यातून शल्यचिकित्सक बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि पुढे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्पर मदतीची संघटना उभी राहिली. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये त्याने अनेकांना समजावून पाहिलं होतं. सुटली कुणाचीच नव्हती. पण तू स्वतः तर प्यायला नाहीस ना, हे त्याच्या बायकोने दाखवून दिलं. एएच्या बारा पायऱ्यांतली शेवटची पायरी, आपल्यासारख्या दुसऱ्याला हात देण्याची, या अनुभवावर बेतलेली आहे.

शास्त्रज्ञांचं याकडे लक्ष जायला बराच वेळ गेला. १९६५ मध्ये फ्रँक रिसमन या अभ्यासकाने असं मांडलं की मदत घेणाऱ्याचा फायदा होवो न होवो, मदत करणाऱ्याचा बहुधा होतो. पुढे ‘प्रोजेक्ट मॅच’ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १,७२६ जणांवर उपचार झाले. तिची आकडेवारी मारिया पगानो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पुन्हा तपासली. उपचारांच्या काळात इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के पुढचं वर्षभर प्यायले नाहीत. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं.

आकडा पाहून हुरळून जाण्याआधी एक शंका घ्यायला हवी. ज्याची गाडी आधीच रुळावर आली आहे तोच दुसऱ्याला मदत करायला पुढे येतो, असंही असेल ना? पगानोंच्या अभ्यासातून ही शंका पूर्ण मिटत नाही, कारण कुणी मदत करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. एएच्या वाटेवर नेणाऱ्या उपचारांबद्दलचा पुरावा मात्र आता बराच भक्कम आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं होती. अशा उपचारांनंतर वर्षभराने ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते, तर वर्तनोपचारासारख्या इतर पद्धतींनंतर ३५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण जवळजवळ फुकटात मिळणाऱ्या गोष्टीसाठी मोठाच आहे. त्यात सेवेचा वाटा नेमका किती आणि सोबतीचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

माझा कल सोबतीकडे आहे, आणि त्याला कारण उंदीर आहेत. २०१८ मध्ये मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी मेथअ‍ॅम्फेटामिनची चटक लागलेल्या उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या. एक दाबली की नशा मिळे, दुसरी दाबली की दार उघडून दुसरा उंदीर भेटे. उंदरांनी जवळजवळ दर वेळी सोबत निवडली. पण ते दार उघडायला उशीर होऊ लागला, किंवा सोबतीबरोबर विजेचा झटका बसू लागला, तेव्हा ते पुन्हा नशेकडे वळले. माणूस उंदीर नव्हे, मान्य. तरी व्यसनी माणसाचं घर आठवून पाहा. त्याच्यासाठी सोबतीचं दार उशिरा उघडतं आणि उघडलं की टोमणे बसतात.

दान करताना मेंदूतली बक्षिसाची केंद्रं उजळतात, हा २००६ चा एमआरआय प्रयोगही अशा चर्चेत हमखास पुढे येतो. प्रयोग खरा आहे. पण त्यात १९ निरोगी माणसं होती. त्याच्या आधारे ‘सेवा हीच खरी नशा’ असे सुविचार फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मग नाशिकमध्ये दारू सोडून दोन महिने झालेल्या माणसाने नेमकं करायचं काय? एएच्या मीटिंगच्या खोलीत जरा आधी पोचायचं, सतरंजी घालायची किंवा खुर्च्या मांडायच्या, चहा ठेवायचा. काम अगदी साधं, पण सातला तिथं असावंच लागतं. आपण नसलो तर चहा नसतो. ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणून नवा माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा त्याच्या हाताची थरथर समोर दिसते आणि आपले दिवस ताजे होतात. हे उजळणीचं काम कुठलंही व्याख्यान करू शकत नाही. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक होतात, त्यामागेही हेच आहे.

शहरातली इतर कामंही उपयोगी पडतात, विशेषतः जोखमीच्या दिवशी. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत ढोलाबरोबर बाटलीही फिरत असते. त्या दिवशी गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायला उभं राहिलेला माणूस दिवसभर बांधलेला असतो, चार न पिणाऱ्यांच्या सोबत असतो, आणि उत्सवातून वगळलेलाही नसतो. २०२७ च्या सिंहस्थात तर हातांची गरज पडेलच. मात्र तिथे उपाशीपोटी, उन्हात, झोपेविना राबणं धोक्याचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चौकडी पाय घसरवते, असं मीटिंगांत नेहमी सांगतात.

नव्याने सोडलेल्यांना शाळा-कॉलेजांत भाषणाला उभं करण्याची हौस मात्र मला पटत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या धास्तीने तिला आणखी जोर चढला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला, तेव्हा धास्ती खोटी म्हणता येणार नाही. पण घाबरवणाऱ्या भाषणांनी मुलं नशेपासून लांब राहतात, असं अभ्यासांत दिसत नाही. वर टाळ्या घेतलेला वक्ता महिनाभराने घसरला तर परत मीटिंगला यायची त्याला लाज वाटते. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले होते. बाबा गावात शिरले की दिवसा हातात झाडू आणि कीर्तन रात्री. तोच क्रम इथे चालावा.

सेवेच्या नावाने दोन गोष्टी खपवल्या जातात, त्यांचंही नाव घ्यायला हवं. काही केंद्रांत दाखल रुग्णांकडून स्वयंपाक, धुणी, बांधकामसुद्धा ‘सेवा’ म्हणून करून घेतात. माणसाला नाही म्हणायची मुभा नसेल तर ती वेठबिगारी झाली, आणि वर सांगितलेल्या फायद्यांपैकी एकही त्यातून निघत नाही. दुसरी गोष्ट घरातली. दारू असताना घरी नसणारा माणूस दारू सुटल्यावर रोज रात्री कुणाची तरी दारू सोडवायला बाहेर असतो. बायकोच्या दृष्टीने फरक इतकाच की आता वास येत नाही. मुलाचा अभ्यास घेणं, आईला सिव्हिलला दाखवून आणणं, उधारी फेडणं ही कामं टाळ्या न मिळणारी असल्यामुळे मागे पडतात. स्पॉन्सर, म्हणजे एएमधला आधी सोडलेला वाटाड्या, अनुभवी असेल तर तो आधी याच कामांची चौकशी करतो.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ तेवढे नाहीत आणि नजीकच्या काळात होणारही नाहीत. उरलेल्या सदतिसांपैकी एखाद्यापर्यंत आधी पोचणारा माणूस बहुधा त्याच्याच खात्यातला, त्याच्याच पाळीतला, वर्षभरापूर्वी सोडलेला असेल. त्याने उपदेश न करता दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ: पहिल्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेणं आणि दुसऱ्या आठवड्यात मीटिंगला सोबत बसणं. कुठे न्यायचं हे माहीत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.