ओकच्या पिंपात मुरवलेली व्हाइट वाइन

किण्वन (द्राक्षरस आंबणे) चालू असताना किंवा त्यानंतर काही महिने ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली व्हाइट वाइन. या पद्धतीला शार्डोने ही द्राक्षाची जात सर्वांत जास्त मानवते. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील मर्सो आणि प्युलिनी-माँत्राशे ही गावे या शैलीचा मानदंड समजली जातात. बर्गंडीचे रूढ पीप २२८ लिटरचे, तर फ्रान्सच्याच बोर्दो प्रांतातले २२५ लिटरचे असते.

पीप बांधताना फळ्या विस्तवावर धरून वाकवतात आणि आतून भाजतात. या आचेने लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन फुटून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते. लवंगेची झाक युजेनॉल या द्रव्याची, धुराची ग्वायकॉल या द्रव्याची. नारळाचा वास लाकडातल्या लॅक्टोन या द्रव्यांमुळे येतो आणि अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन भरपूर असल्याने त्या पिंपातली वाइन लगेच ओळखू येते. फ्रेंच ओक त्यामानाने सौम्य. तीन-चार हंगाम वापरलेले पीप फारसा वास देत नाही, पण त्यातून किंचित ऑक्सिजन झिरपत राहतो आणि वाइनचा कडकपणा कमी होतो.

या वाइनमधला लोण्यासारखा वास बरेच जण लाकडाच्या खात्यावर टाकतात. तो खरा जिवाणूंचा. ते तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि त्या ओघात लोण्याचा वास देणारे डायअ‍ॅसिटिल तयार होते. स्टीलच्या टाकीतल्या वाइनलाही असा वास येऊ शकतो.

पिंपातच आंबवलेल्या वाइनमध्ये लाकूड जास्त उतरेल असे वाटते, पण होते उलटेच. टाकीत आंबवून मग पिंपात भरलेली वाइनच अधिक लाकडी लागते. पिंपात किण्वन झाले, की यीस्ट व्हॅनिलिनचा काही भाग जवळजवळ गंधहीन अल्कोहोलमध्ये बदलते. तळाशी बसलेला मृत यीस्टचा गाळही लाकडातली काही द्रव्ये धरून ठेवतो. हा गाळ काठीने अधूनमधून ढवळतात. त्याने वाइनला साईसारखा दाटपणा येतो. पिंपातच आंबवण्याची ही पद्धत खर्चिक आहे, पण चांगल्या वाइनमध्ये फळ आणि लाकूड वेगळे काढता येत नाही ते बहुतांशी हिच्यामुळेच.

१९७६ मध्ये पॅरिसला नावे झाकून घेतलेल्या वाइन-चाचणीत कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेना या वाइनरीच्या १९७३ च्या शार्डोनेने बर्गंडीच्या वाइनना मागे टाकले. पुढे या शैलीची लाट आली आणि स्वस्त वाइनमध्ये ओकचे तुकडे टाकून तोच वास आणला जाऊ लागला. अशा वाइनचा पहिला घोट छाप पाडतो, दुसऱ्या पेल्याला कंटाळा येतो. या अतिरेकाला उत्तर म्हणून १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ‘अनवूडेड’, म्हणजे ओक न लावलेली, शार्डोने लोकप्रिय झाली.

ही वाइन बर्फगार देणे ही सर्रास होणारी चूक. फार थंडीत सुगंध दबतो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा पुढे येतो. १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान आणि रुंद पोटाचा पेला योग्य. पेल्यात पंधरा-वीस मिनिटे राहिली, की आधी व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाचा वास देणारी वाइन पीच, लिंबाची साल, हेझलनट असे एकेक पदर दाखवू लागते. लोण्यात परतलेले मासे, लॉब्स्टर, भाजलेली कोंबडी, अळंबी यांच्याशी तिचे जमते. कच्च्या कालवांसोबत मात्र ती जड होते, तिथे ओकविरहित शाब्ली (बर्गंडीच्या उत्तर भागातली शार्डोने) बरी. उत्तम बर्गंडी दहा वर्षेही टिकते. मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक बाटल्या अकाली ऑक्सिडीकरणाने (ऑक्सिजनशी संयोग होऊन) तपकिरी पडल्या, म्हणून बरेच संग्राहक आता त्या लवकर उघडतात.