चाल गोठणे

पार्किन्सन्स (कंपवात) झालेल्या माणसाचे पाऊल चालता चालता एकाएकी उचलेनासे होते, तळवे जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात. याला चाल गोठणे म्हणतात. पायांत बळ असते, पुढे जायचेही असते, पण पाऊल निघत नाही. हे बहुधा काही सेकंदच टिकते. तेवढ्यात धड मात्र पुढे गेलेले असते, म्हणून माणूस पडतो.

चालायला सुरुवात करताना, वळताना, दाराच्या चौकटीत, अडचणीच्या जागेत किंवा बेल वाजली म्हणून घाईने उठताना पाय हमखास अडतात. दवाखान्याच्या मोकळ्या पॅसेजमध्ये डॉक्टरांसमोर तोच माणूस नीट चालतो आणि घरचे उगाच तक्रार करतात असे वाटू लागते. ती तक्रार खरी मानूनच तपासणी करायला हवी. जागच्या जागी, दोन्ही बाजूंनी, भराभर पूर्ण गिरकी घ्यायला लावली की लपलेली गोठण बहुधा उघड होते. खुर्चीतून उठून 3 मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला किती वेळ लागतो, तेही मोजतात. तोल पाहण्यासाठी मागे उभे राहून खांदे झटक्याने ओढतात. एक-दोन पावलांत सावरणे ठीक. ओढणाऱ्याने झेलायच्या तयारीतच राहावे. आजाराच्या सुरुवातीलाच वारंवार पडणे होत असेल, तर हा नेहमीचा पार्किन्सन्स नसेल अशी शंका घ्यावी.

लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा असर ओसरल्यावर पाय अडत असतील, तर डॉक्टर डोस किंवा त्याच्या वेळा बदलून पाहतात. असर चालू असतानाही अडत असतील, तर नुसती गोळी वाढवून सहसा भागत नाही.

मग उपयोगी पडतात ते इशारे: फरशीवर चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या, मेट्रोनोमचा (एकसारखी टिकटिक करणाऱ्या यंत्राचा) ठेका, तोंडाने मोजलेले आकडे. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना सहज चढतो, हे अनेक घरांनी चकित होऊन पाहिले आहे. आपोआप चालण्याची मेंदूतली यंत्रणा बिघडलेली असते; समोर पायरी दिसली की प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकले जाते. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांची हीच गोष्ट हेरून सपाट जमिनीवर जिन्याचा आभास देणारे चित्र अंथरले आणि ते त्यावरून चालू लागले.

पाय अडलेल्या माणसाला हाताला धरून ओढू नये. त्याने तोल जातो. त्याला थांबू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्यावे आणि मग एक मोठे पाऊल टाकायला सांगावे. वळायचे असेल तर जागेवर न फिरता मोठा गोल घ्यावा.