माफात पायी: रियुनियन ट्रेकला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "के-टू-एस (कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक) झालाय, हा जमेल का?" जमेल. पण रात्रीत किती टेकड्या उरकल्या याचा हिशेब इथे चालत नाही. हा ट्रेक वाड्यावस्त्यांतून जातो, मुक्काम लोकांच्या घरी असतो आणि वेग त्यांच्या जेवणवेळा ठरवतात. फक्त शिखर हवं असेल तर खर्चाच्या मानाने हिमालय परवडेल, हे आधीच सांगतो.

रियुनियन हे हिंदी महासागरातलं, मादागास्करच्या पूर्वेचं बेट. क्षेत्रफळ सुमारे २,५१२ चौरस किलोमीटर. १९४६ पासून ते फ्रान्सचा एक जिल्हा आहे, त्यामुळे चलन युरो, सरकारी भाषा फ्रेंच आणि घरात क्रिओल ही तिथली बोली. संपूर्ण बेट ज्वालामुखीचं. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने घडला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या एका तप्त स्थानातून बाहेर पडला. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला, तप्त स्थान मागे राहिलं आणि आज त्यावर रियुनियन उभं आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. पायाखालचा काळा बेसाल्ट ओळखीचा वाटला तर नवल नाही. कडे मात्र आपल्यापेक्षा खूप तरुण आहेत, अजून झिजायचे आहेत, आणि त्यामुळे जास्त सरळसोट.

मधल्या जुन्या ज्वालामुखीभोवती तीन प्रचंड खोलगट दऱ्या आहेत: सालाझी, सिलाओस आणि माफात. पहिल्या दोन ठिकाणी गाडीरस्ता पोचतो. माफातमध्ये आजही नाही. तिथे सातशे-आठशे माणसं राहतात, वीज सौरऊर्जेची, आणि गॅस, सिमेंट, तांदूळ सगळं हेलिकॉप्टरने किंवा पाठीवरून येतं. कचराही हेलिकॉप्टरनेच बाहेर जातो. म्हणून आपला कचरा आपल्या सॅकमधून खाली आणायचा. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

या दरीत पहिल्यांदा राहायला आले ते मळ्यांतून पळालेले गुलाम. पाठलाग करणाऱ्यांना सहज पोचता येऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम अवघड जागा निवडल्या. कित्येक ठिकाणांची नावं अजून मालागासी, म्हणजे मादागास्करच्या भाषेतली आहेत. २० डिसेंबर १८४८ रोजी इथली गुलामगिरी संपली आणि तो दिवस आजही सुट्टीचा असतो. नंतर जमीन नसलेले गरीब गोरे शेतकरीही वर सरकले. एखाद्या म्हातारीशी बोलताना ही पार्श्वभूमी माहीत असावी. फोटो विचारून काढा, आणि कुणाच्या मक्याच्या किंवा मसुरीच्या वाफ्यातून शॉर्टकट मारू नका.

वाट अशी. सालाझीकडून गाडीरस्ता संपतो त्या खिंडीतून उतरून, शेवाळलेल्या, बाभळीच्या कुळातल्या तमारँच्या झाडीतून ला नूव्हेल वस्तीत पहिला मुक्काम. हे चालणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी त्रवा रोश इथे नदी अरुंद घळीत कोसळते ती जागा पाहून मार्लाला जायचं. काठावर बसून पाय सोडायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी २,०८१ मीटरची ताइबी खिंड चढून सिलाओसच्या बाजूला उतरायचं. उतराई आठशे मीटरहून जास्त, बहुतेक लाकडी आणि दगडी पायऱ्यांची. दमछाक चढात होते, पण माणसं अडकतात ती इथे, गुडघ्यांमुळे. दोन काठ्या आणाच. वाटेवर काढा विकणारी टपरी उघडी असली तर चढणाऱ्यांसाठी वेगळा आणि उतरणाऱ्यांसाठी वेगळा काढा मिळतो. औषधी गुणाची हमी आम्ही देत नाही, चव चांगली असते.

सिलाओसला एक दिवस विश्रांती. मग ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी ३,०७० मीटरचं पितों दे नेज: २,४७८ मीटरवरच्या निवाऱ्यात रात्र काढून पहाटे माथा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं तापमान शून्याच्या आसपास जातं. "बेट आहे, उकडणार" असं समजून जॅकेट घरी ठेवू नका. शेवटी जिवंत ज्वालामुखी, पितों द ला फूर्नेझ. उद्रेक सुरू असला की विवराकडची वाट प्रशासन बंद करतं. तेव्हा लांबूनच बघायचं. १९७७ मध्ये लाव्हा पितों सँत-रोझच्या चर्चच्या दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळून गेला. ते चर्च आपण पाहतो.

जेवणाबद्दल सविस्तर, कारण तक्रारी इथेच येतात. ताटात खाली भात, त्यावर घेवड्याची किंवा मसुरीची आमटी, त्यावर चुलीवर शिजवलेली कारी, बाजूला रूगाय. रूगाय म्हणजे टोमॅटो, आलं आणि हिरवी मिरची बेसाल्टच्या खलात ठेचून केलेलं तोंडीलावणं. आपल्या ठेच्याला शोभेल असं झणझणीत. हळदीला तिथे 'साफ्राँ' म्हणतात, म्हणून केशराच्या अपेक्षेने खूश होऊ नका. सिलाओसची मसूर बारीक आणि खरोखर चविष्ट, पण तिच्यात सर्रास धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा पडतो. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, आम्ही यजमानांना आधी कळवतो. मग पाला, दुधीसारख्या शूशूची भाजी, लोणची आणि आमटी मिळते. कांदा-लसणाशिवायचं जेवण वस्तीवर जमत नाही. जैन मंडळींनी कोरडा शिधा सोबत ठेवावा.

हंगाम मे ते ऑक्टोबर. डिसेंबर ते मार्च चक्रीवादळांचे महिने असतात, तेव्हा आम्ही ट्रेक नेत नाही. आंबोलीच्या पावसात वाढलेल्यांनीही ही गंमत समजू नये: जानेवारी १९६६ मध्ये इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला, तो जागतिक विक्रम आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बेट आडवं पार करणारी मोठी शर्यत असते, मुक्काम मिळत नाहीत. तो आठवडा टाळतो. सप्टेंबरच्या तुकडीला गणपतीत घर सोडावं लागू शकतं. वाटेतल्या मॉरिशसला चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, जाता-येता दर्शन जमलं तर जमलं.

विषारी साप नाहीत, बिबट्या नाही. डास आहेत आणि चिकुनगुन्याच्या साथी येऊन गेल्या आहेत, तेव्हा मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. नळाचं पाणी सगळीकडे पिण्यालायक नसतं, शुद्धीकरणाच्या गोळ्या आम्ही देतो. सॅक सात-आठ किलोच्या वर नको.

रियुनियन शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात येत नाही. युरोपचा व्हिसा आहे म्हणून तिकीट काढून मोकळे होऊ नका. नियम बदलत असतात, आधी आम्हाला विचारा. डोंगरातल्या हेलिकॉप्टर बचावाचा खर्च भरणारा विमा सक्तीचा आहे. नोंदणीला पासपोर्टची प्रत, विम्याची प्रत, आहाराची माहिती आणि गुडघ्याचं किंवा दम्याचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. दुखणं लपवून आलेल्याला ताइबीच्या पायथ्याशी मागे फिरवण्याचा अधिकार आमच्या वाटाड्याकडे राहील, आणि त्या दिवसाचे पैसे परत मिळणार नाहीत.